चित्रपट वाईट की प्रत वाईट?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अलीकडे पाहिलेल्या नव्या-जुन्या चित्रपटांवर वाचकांची चार-पाच ओळींची मतं आपण छापता. तक्रार त्या मतांबद्दल नाही. कुणाला ‘पिंजरा’ भडक वाटला, कुणाला ‘कोर्ट’ कंटाळवाणा वाटला, तर वाटो बापडा. पण जुन्या चित्रपटांवरचे बरेचसे शेरे मुळात चित्रपटावरचे नसतातच. ते यूट्यूबवर कुणीतरी चढवलेल्या चौथ्या-पाचव्या हाताच्या प्रतीवरचे असतात, नाहीतर घरच्या टीव्हीच्या बिघडलेल्या सेटिंगवरचे. ‘आवाज चिरका आहे’, ‘माणसं बुटकी दिसतात’, ‘गोष्ट मध्येच उडी मारते’, ‘सगळं गुलाबी आहे’ या तक्रारी दिग्दर्शकाच्या नावावर जमा करण्याआधी घरबसल्या पाच मिनिटांत तपासता येतात. काही दुरुस्तही होतात.

सगळ्यांत सोपी तपासणी लांबीची. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉर सर्टिफिकेट येतं, ते कुणी वाचत नाही आणि व्हिडिओ चढवणारे अनेकदा कापूनच टाकतात. असेल तिथे व्हिडिओ थांबवा आणि वाचा. फिल्म ३५ मिमी की १६ मिमी, रिळं किती, लांबी किती मीटर, जुन्या सर्टिफिकेटवर किती फूट, हे सगळं तिथे असतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर सेन्सॉरने काटछाट केली आहे असं समजावं. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर सरकते. त्यामुळे फुटांना ९० ने किंवा मीटरना २७.४ ने भागलं की मिनिटं मिळतात. सर्टिफिकेटवर ४,००० मीटर असेल तर चित्रपट १४६ मिनिटांचा. फिल्म १६ मिमी असेल तर मीटरना ११ ने भागावं.

आता समोरचा व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते पाहा. ११८ मिनिटांचा निघाला तर सुमारे सव्वा रीळ गायब आहे, कारण २,००० फुटी रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं, १,००० फुटी अकरा. मग ‘पटकथा तुटक आहे’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही. उड्या कुठे बसतात यावरूनही बरंच कळतं. दर दहा-अकरा किंवा वीस-बावीस मिनिटांनी संवाद तुटत असेल, तिथेच ओरखडे वाढत असतील, तर ती रिळाची टोकं आहेत. प्रिंट सर्वांत जास्त झिजते ती तिथेच. मशीनमध्ये फिल्म ओवताना आणि काढताना टोकालाच हात लागतो, तुटली की ऑपरेटर तेवढा तुकडा कापून जोड मारतो, आणि शंभर खेळांनंतर वाक्याचं शेवटचं क्रियापदच शिल्लक राहत नाही. उडी तासाभराने, सव्वा तासाने एकदाच येत असेल तर ती प्रत बहुधा व्हीसीडीवरून उचललेली. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं मावत, म्हणून चित्रपट दोन-तीन तबकड्यांवर तोडावा लागे. अशा प्रतीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. त्यावर आज ‘४के’ अशी पाटी लावतात, ती निव्वळ थाप. नसलेले ठिपके यंत्राने कल्पनेने भरलेले असतात, म्हणून चेहरे मेणाचे आणि लुगड्याचे काठ वितळल्यासारखे दिसतात.

हिशेबाने १४६ मिनिटं यायला हवीत आणि व्हिडिओ १४० चा आहे, तर मात्र काही कापलेलं नसण्याची शक्यता जास्त. तो वेगाचा घोळ आहे, आणि संगीताचा कान असलेल्या माणसाने याकडे जरूर लक्ष द्यावं. आपल्याकडची जुनी टीव्हीपद्धत सेकंदाला २५ चित्रांची. २४ चित्रांची फिल्म तिच्यावर उतरवताना सरळ २५ ने पळवत. चार टक्के वेग वाढला, हे डोळ्यांना कळत नाही. कानांना कळतं, कारण सूर पेटीवरचं जवळपास पाऊण घर वर चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्ये कुठेतरी, काळी एकच्या बाजूला सरकून बसतं. पेटी काढून साथ करायला बसलात आणि गाणं कुठल्याच पट्टीला लागेना, तर आधी वेगाचा संशय घ्या. तीन मिनिटांचं गाणं अशा प्रतीत सात सेकंद आधी संपतं.

यूट्यूबवर वेग कमी करून हे सुधारत नाही, कारण तिथे वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवण्याची सोय आपोआप चालू असते. फाइल जवळ असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग ०.९६ करावा आणि ऑडिओच्या सेटिंगमधली टाइम-स्ट्रेचिंगची, म्हणजे सूर जागेवर ठेवण्याच्या सोयीची, खूण काढावी. मग सूरही खाली उतरतो.

या वाढलेल्या वेगामुळे नुकसान किती होतं त्याचा नमुना म्हणजे ‘संत तुकाराम’ (१९३६). दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात संगीतकार केशवराव भोळ्यांनी दोन प्रकारचं गाणं समोरासमोर ठेवलं आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम साधा, सपाट, ताना न घेता, स्वतःशीच बोलल्यासारखा गातो. त्याचा मत्सर करणारा सालोमालो तेच शब्द चोरून नाटकी थाटात आळवतो. सगळा झगडा तिथे गाण्याच्या पद्धतीत दिसतो, त्यासाठी संवादाची गरजच नाही. चढ्या सुराच्या, खालचे स्वर गाळलेल्या प्रतीत पागनीसांच्या आवाजातला पोत जातो आणि तो आवाज नुसता बारीक ऐकू येतो. सालोमालोही बारीकच. मग दोघांत फरक काय, असं कुणी विचारलं तर त्या ऐकणाऱ्याचा दोष नाही. चमत्कारांची दृश्यं आज भाबडी वाटतात हे मात्र प्रतीवर ढकलता येणार नाही. ती भाबडीच आहेत. अभिनेत्री गौरी यांची आवली मात्र कुठल्याही प्रतीत टिकते. विठोबापुढे चप्पल उगारणारी ही बाई १९३६ साली एवढ्या सहजपणे उभी केली आहे की तिच्यापुढे आजच्या मालिकांमधल्या सुना पुठ्ठ्याच्या वाटतात.

मूकपटांचा प्रश्न उलटा. ‘त्या काळी सगळे तुरुतुरु पळायचे’ ही समजूत निव्वळ वेगाच्या चुकीतून आली. फाळक्यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला १६-१८ चित्रं या अंदाजाने. ती २४ ने चालवली की राजा असो की ऋषी, बदकासारखा चालतो. इथे यूट्यूबचा वेग ०.७५ करावा, म्हणजे सेकंदाला १८ चित्रं पडतात. मागून जोडलेलं संगीत बंद करावं. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी अशी पाहावी. लहान पोर कॅमेऱ्यासमोर किती मोकळेपणाने चेहरा बदलते, ते मग दिसतं.

आता चौकटीचा आकार. बोलपट आल्यानंतरची पहिली दोन-अडीच दशकं चित्राची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी होती, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद. जुनं चित्र त्यात बसवलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे चित्र ७३ सेंटिमीटर आणि दोन्हीकडे अकरा-अकरा सेंटिमीटर काळं. हे काळं पाहून घरातल्यांना वाटतं पैसे वाया गेले. मग कुणीतरी रिमोट उचलतो आणि चित्र ताणतो, नाहीतर मोठं करतो. ताणलं तर माणसं तीसेक टक्के रुंद होतात. मोठं केलं तर वरून-खालून मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं.

ओळखायचं कसं? चित्रात काहीतरी गोल शोधा. टाळ, गाडीचं चाक, घड्याळाची तबकडी. पडद्यावर पट्टी लावून उभी-आडवी मोजलीत तरी चालेल. लंबवर्तुळ निघालं तर चित्र ताणलेलं. चूक टीव्हीची असेल तर ‘पिक्चर साइज’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘फिट’ निवडावं. व्हिडिओच ताणून चढवलेला असेल तर ४:३ निवडलं की माणसं पुन्हा अंगासरशी होतात. संगणकावर व्हीएलसीत ‘ए’ हे अक्षर दाबत राहिलं की आकार बदलत जातो. गोल वस्तू गोलच आहे, पण श्रेयनामावलीतली सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची ओळ अर्धी दिसते, पागोट्याचा वरचा भाग नाही, तर चित्र कापलेलं आहे. त्यावर उपाय नाही, दुसरी प्रत शोधायची.

कापलेल्या चित्रात सर्वांत जास्त मरतो तो विनोद. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) वर्षानुवर्षं टीव्हीवर चौकोनी चौकटीत पाहिलेला. त्यात चार-पाच माणसं एका ओळीत उभी राहतात आणि मजा त्यांच्या पूर्ण उंचीत असते. लुगड्यात लक्ष्मीकांत बेर्डे काय बोलतात याच्या निम्मं हसू पाय कसे टाकतात याचं आहे. रुंद पडदा भरण्यासाठी पायच कापले की नुसतं संभाषण उरतं आणि नवा प्रेक्षक विचारतो, यात एवढं काय होतं? त्यात दर आठ-दहा मिनिटांनी जाहिराती. हा चित्रपट अखंड पाहावा. प्रसंग एकमेकांच्या खांद्यावर चढत जातात, मध्ये साबण आला की मनोरा कोसळतो.

‘कुंकू’ (१९३७) बद्दल दोन परस्परविरुद्ध तक्रारी ऐकू येतात, खरखर फार आहे आणि पार्श्वसंगीतच नाही. दुसरी तक्रार म्हणजे शांतारामबापूंना दिलेली पावतीच. या चित्रपटात पार्श्वसंगीत मुद्दाम वापरलेलं नाही. जे ऐकू येतं ते दृश्यात घडणाऱ्या गोष्टींमधून येतं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ हे तिथलं एक पात्रच आहे. खरखर का येते तेही सांगण्यासारखं आहे. त्या काळी आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीने छापत. पट्टीवर ओरखडा पडला की ‘टक’, धूळ बसली की ‘खर्र’. मागे वाद्यमेळ असेल तर हे झाकलं जातं, शांत दृश्यात उघडं पडतं. आणि मग कुणीतरी उत्साहाने आवाज ‘स्वच्छ’ करतो. ओरखड्याचा ‘टक’ आणि घड्याळाची ‘टिक’ यांत त्या सॉफ्टवेअरला फारसा फरक कळत नाही. दोन्ही क्षणभराचे, दोन्ही टोकदार. फिल्टर जोरात लावला की खरखरीबरोबर घड्याळही बोथट होतं आणि केशवराव दात्यांचा काकासाहेब ज्या शांततेत अस्वस्थ होतो ती शांतता मुकी होते. म्हणून थोडी खरखर असलेली प्रत पत्करली. टीव्हीतल्या ट्रेबलला दोन-तीन घरं खाली आणलं तरी काम भागतं.

रंगाचं गणित वेगळं. १९७० च्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी उडतो, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत. उरतो लाल-गुलाबी. ‘पिंजरा’ (१९७२) पाहताना आधी मास्तरांच्या धोतराकडे पाहावं. ते पांढरं असेल तर जो भडकपणा दिसतो तो व्ही. शांताराम यांचाच, आणि तो त्यांना हवा होता. धोतरच गुलाबी असेल तर प्रत उडालेली आहे. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करून ‘सिनेमा’ मोड लावावा, रंगाची पातळी थोडी उतरवावी. गेलेला निळा परत येत नाही, पण लाल ओरडायचा थांबतो. रंग बाजूला ठेवले तरी मास्तर झालेल्या श्रीराम लागूंच्या घसरणीचा उत्तरार्ध लांबलेलाच वाटतो, हेही नोंदवायला हवं.

तोच ‘डायनॅमिक’ मोड कृष्णधवल चित्रपटांचं जास्त वाटोळं करतो. ‘सिंहासन’ (१९७९) रंगीत चित्रपटांच्या काळात कृष्णधवल काढला गेला. त्यातल्या राखाडी छटांमध्येच निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसचा थकवा आहे. तीव्रता वाढवली की काळं डांबर आणि पांढरा चुना उरतो, डोळ्यांखालची सावली जाते.

नव्या चित्रपटांचं सगळं ठीक असेल असा समज असतो. तिथे घोळ आवाजात होतो. ‘संवाद ऐकूच येत नाहीत आणि गाणं लागलं की कान फाटतात’ ही तक्रार घराघरात आहे. कारण सोपं आहे. चित्रपटगृहासाठी आवाज सहा वाटांनी विभागलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीला स्पीकर दोन. सहांचे दोन करताना मधली वाट दबते. ओटीटीवर भाषेच्या यादीत ‘स्टीरिओ’ असा पर्याय असेल तर तो घ्यावा, नसेल तर टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये ‘पीसीएम’ निवडावं.

बहुतेक जण याऐवजी ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ लावतात. त्याने बारीक आवाज मोठा होतो आणि मोठा बारीक. बातम्यांना चालेल. ‘फँड्री’ला (प्रदर्शन २०१४) मात्र हा उपाय मारक आहे. डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेकडून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही थबकतात. डुक्कर निसटतं. हा प्रसंग त्या आवाजाच्या अंतरावर उभा आहे. राष्ट्रगीत लांबून, भिंतीपलीकडून येतं. ते गाणाऱ्या शाळेत आणि ते ऐकणाऱ्या कुटुंबात किती अंतर आहे हे नागराज मंजुळे यांनी कानांना सांगितलं आहे. ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावला की राष्ट्रगीत शेजारच्या खोलीत वाजल्यासारखं येतं आणि प्रसंग नुसता गमतीदार होतो. या चित्रपटासाठी खोलीतला पंखासुद्धा एक घर कमी करावा.

‘सैराट’चा (२०१६) शेवट तर आवाज काढून घेऊनच केला आहे. ओटीटीवर नावांची यादी सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढचा कार्यक्रम पाच-दहा सेकंदांत सुरू होतो. त्या शांततेनंतर एखाद्या विनोदी मालिकेचा हशा कानावर पडणं यापेक्षा वाईट वागणूक या चित्रपटाला देता येणार नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ची खूण असते, ती कायमची काढून टाकावी. चित्रपटाबद्दल मत विचाराल तर पूर्वार्धातला स्लो मोशन थोडा कमी चालला असता. उत्तरार्धातलं हैदराबादचं बिऱ्हाड हा त्यातला खरा चित्रपट, आणि लोक नेमके तिथेच ‘आता संथ झाला’ म्हणून मोबाइल उघडतात.

मोबाइलवरून आठवलं. ‘कोर्ट’मध्ये (प्रदर्शन २०१५) कॅमेरा हलत नाही, हे खरं. चैतन्य ताम्हाणे एक रुंद चौकट लावतात आणि बराच वेळ तशीच ठेवतात. मुख्य संवाद चालू असताना कोपऱ्यात कारकून कागद हलवतो, मागच्या बाकावर कुणी पुढच्या तारखेची वाट पाहत पेंगतो. नजर कुठे फिरवायची हे प्रेक्षकावर सोडलं आहे. हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर ती माणसं तांदळाच्या दाण्याएवढी होतात, मग पाहायला उरतं काय? निदान ४३ इंची टीव्ही आणि त्यापासून पावणेदोन मीटरवर खुर्ची एवढं तरी हवं. नेहमीसारखं पलीकडच्या भिंतीला टेकून बसलं तर टीव्हीचाही मोबाइलच होतो.

सगळ्याच चित्रपटांना लागू पडणारी एक गोष्ट राहिली. नव्या टीव्हीत दोन चित्रांच्या मध्ये बनावट चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय दुकानातून येतानाच चालू असते. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, पण त्यात ‘मोशन’ हा शब्द बहुधा सापडतो. क्रिकेटसाठी ठेवावी, चित्रपटासाठी बंद करावी. नाहीतर लाखो रुपयांचं चित्रण दुपारच्या मालिकेसारखं दिसतं आणि वाचक लिहितात, ‘छायाचित्रण स्वस्त वाटलं’.

चांगली प्रत मिळतच नाही, असं होतं का? होतं. २००३ साली पुण्यात चटकन पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली रिळं गेली. काही चित्रपटांच्या आज हाती असलेल्या वाईट प्रतीच शेवटच्या आहेत. तेव्हा वाईट प्रत पाहूच नका असं सांगण्यात अर्थ नाही. पाहावी, पण कुठली पाहिली ते लिहावं.

त्यासाठी आपल्याकडे एक छोटी मागणी. प्रत्येक मताखाली एक ओळ छापावी: कुठे पाहिला, किती मिनिटांची प्रत होती, चौकट चौकोनी होती की रुंद, अखंड पाहिला की जाहिरातींसह. वाचकाने एवढं पाठवलं नाही तर मत पुढच्या आठवड्यावर टाकावं. आणि जागा अपुरी पडत असेल तर ताऱ्यांची ओळ खुशाल काढून टाका.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर